अर्धं कपाळ

४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

दादाचे आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आलं तर नावं ठेवू नकोस, एका डोळ्याने लिहितोय. उजवा मिटून घेतलाय. आणि लगेच घाबरू नकोस. वेल्डिंग शिकवणाऱ्याच्या जन्मात हे एकदा तरी व्हायचंच. मला आर्क लागला.

आमच्या वर्कशॉपात एकच कायदा आहे, तुला शंभरदा सांगितलाय. रॉड पत्र्याला टेकवायच्या आधी 'डोळे!' म्हणून ओरडायचं. आजूबाजूचे तोंडासमोर ढाल धरतात, मग आर्क पेटवायचा. उघड्या डोळ्यांनी तो उजेड बघितला की संपलं, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देतो, मग काम.

तर परवा मी एकाचा जोड तपासायला वाकलो होतो, ढाल खाली ठेवलेली. आणि शेजारच्या टेबलावर डावरीने सरळ आर्क मारला. डावरी म्हणजे आमच्या वर्गातली डावखुरी बाई. शिवणाच्या कारखान्यात होती, तो बंद पडला, म्हणून पस्तिशी उलटल्यावर वेल्डिंग शिकायला आली. हात सोन्याचा आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पण ओरडली नाही! लख्खकन उजेड, आणि संध्याकाळी उजवा डोळा लालभडक. तशी त्या बाजूची डोकेदुखी आदल्या दिवसापासूनच होती, सूनबाईने नवी उशी आणली तिच्यामुळे. त्यात ही भर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

वर तोंड करून म्हणते, "मी ओरडले होते, मास्तर." मी अख्ख्या वर्गाला उभं केलं. विचारलं, ऐकलं का कुणी? सगळे माना खाली घालून उभे, एकाने ब्र काढला नाही. याहून मोठी साक्ष कोणती? मी तिला सांगितलं, आता वर्कशॉपात पाऊल टाकायचं नाही, आणि महिनाअखेरच्या परीक्षेलाही बसायचं नाही. प्राचार्य साहेबांनाही तसंच सांगून आलो.

दुखतं मात्र विचित्र. कपाळाच्या उजव्या अंगाला कंगवा लागला की जीव कळवळतो. टोपी सहन होत नाही, पंख्याचा वारासुद्धा टोचतो. सूनबाई बटाट्याचे काप ठेवतेय डोळ्यावर. डॉक्टरकडे चला म्हणते. मी म्हटलं, अगं, मास्तरलाच आर्क लागला हे कळलं तर उद्या शिपाईसुद्धा हसेल. पोहायला शिकवणारा बादलीत बुडाला म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फोन करू नकोस. या फोनात फार घरघर आहे. पत्रच बरं.

तुझा,
दादा


७ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. 'घाबरू नकोस' असं तू लिहिलंस की मी घाबरते, ही तुझी लहानपणापासूनची सवय आणि माझीही.

मला एक सांग, आर्क काय समोरच्याचा एकच डोळा निवडून मारतो? तू शिकाऊ होतास तेव्हा एकदा आर्क लागून घरी आला होतास. दोन्ही डोळ्यांतून धारा, 'वाळू, वाळू' म्हणून ओरडत भिंतीवर डोकं आपटत होतास. आईने दोन्ही डोळ्यांवर बटाट्याचे काप बांधले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून तू माझ्या वाटणीचंही जेवलास, ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हा कंगवा दुखल्याचं मला काही आठवत नाही. केस तर तुला तेव्हा आत्तापेक्षा पुष्कळ होते!

माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला मागे असंच झालं होतं. आधी काही दिसेना, नुसती एका बाजूला आग. कपडा लागला तरी जीव जायचा. सगळ्यांना वाटलं, बाई नाटकं करते. मग दोन-चार दिवसांनी त्याच जागी लाल चट्टे आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके. नागीण निघाली. तिला कुठे झाली होती ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण लवकर डॉक्टरकडे जायला हवं होतं, असं ती म्हणायची. म्हणून तुला सांगते. एकदा दाखवून ये. आर्क असेल तर डॉक्टर हसतील आणि थेंब देतील. हसले तर हसले, तुझं काय झिजतं?

आणि त्या डावरीचं. तुला ऐकू आलं नाही म्हणजे ती ओरडलीच नाही, हा कुठला न्याय? वर्ग गप्प राहिला म्हणतोस. गप्प राहणं म्हणजे 'हो' असतं का रे? तुझ्या फोनातली घरघर फोन बदलून बदलूनही जात नाही, त्याचाही कधीतरी विचार कर. रागावू नकोस. रागावलास तरी डॉक्टरकडे जा.

इकडे काम बरं चाललंय. एका गिऱ्हाइकाचा कोट कापायला घेतलाय, माणूस एवढा रुंद की माझं टेबल अपुरं पडतंय.

तुझी,
टाचणी


१० फेब्रुवारी

चि. टाचणीस,

तुझं पत्र मिळालं. शिंप्याच्या टेबलावर बसून वेल्डिंग शिकवू नये. मी कधी तुला बाही कशी कापायची ते सांगतो का?

आता नीट वाच. आर्कच होता, आणि साधासुधा नव्हता. आता कातडीही भाजून वर आली आहे. उजव्या कपाळावर लाल चट्टे पडलेत आणि त्यावर बारीक बारीक फोड, पाण्याने भरलेले. भाजल्यावर फोड येणार नाहीत तर काय मोती येतील? पापणी सुजून लोंबतेय. एक फोड तर चक्क नाकाच्या शेंड्यावर, विदूषकासारखा. अंगात कणकण आहे. दोन्ही वेळा नुसतं पाणी पिऊन पडून आहे.

आणि 'एकच डोळा कसा' म्हणून विचारत होतीस ना? घे उत्तर. आरशात पाहिलं तर बरोब्बर अर्धं कपाळ भाजलंय. मधोमध खडूने रेघ मारावी तसं काम थांबलंय, रेघेच्या डावीकडे एक पुळी नाही. का? तर डावरी डाव्या हाताने रॉड धरते! मी तिच्या शेजारी वाकलेलो, तिचा आर्क माझ्या उजव्या अंगाला लागला. उजव्या हाताची बाई असती तर डावं कपाळ भाजलं असतं. आता तरी पटलं? चाळीस वर्षं आगीशी खेळतोय, मला शिकवू नकोस.

तुझ्या त्या ओळखीच्या बाईचं म्हणशील तर, कुठे झालं ते सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखी जागा नसणार. असले रोग कुठून येतात ते न कळायला मी दूधखुळा नाही. तिचं लचांड माझ्या कपाळाला चिकटवू नकोस. मी अब्रूने जगलेला माणूस आहे. आणि असल्या बायकांत तू फार मिसळू नयेस, हे मोठा भाऊ म्हणून सांगतो.

काल डावरी दारात आली होती. सूनबाईने आत घेतलं, तिला काही पाचपोच नाही. मी तोंडावर टॉवेल टाकून झोपेचं सोंग घेतलं. टॉवेलचाही स्पर्श सहन होत नव्हता, पण पडून राहिलो. ती गेल्यावर सूनबाईने सांगितलं, "त्या म्हणाल्या, मी माफी मागायला आले नाही, मास्तरांना बघायला आले." बघ! चोराच्या उलट्या बोंबा.

डॉक्टरकडे मी जाणार नाही. विषय संपला.

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू डोळ्यांच्या दवाखान्यात असशील. तुझं पत्र आज सकाळी आलं. नाकाच्या शेंड्यापर्यंत वाचलं आणि कात्री तशीच टाकून माझ्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नाकाच्या शेंड्यावर फोड आहे म्हणजे डोळ्याकडे जाणारी नस धरली आहे. पत्र कसलं लिहिता? आत्ताच्या आत्ता फोन करा." तिथूनच सूनबाईला फोन केला. तुला ती टॅक्सीत कोंबते म्हणाली. तू शिव्या देत असशील. दे.

आता जे लिहायचं आहे ते आधीच लिहायला हवं होतं. तुझ्याशी खोटं बोलले.

ती ओळखीची बाई मीच.

गेल्या वर्षी मी तुला लिहिलं होतं की स्टुलावरून पडले, म्हणून बसता येत नाही, उभ्याने कापते. तू केवढी थट्टा केलीस, 'टाचणी टोकावर पडली का' म्हणून. मी पडले नव्हते. मला नागीण झाली होती. बसायच्या जागी, डाव्या अंगाला, आणि तिथून खाली मांडीपर्यंत. पहिल्या दिवशी मला वाटलं, कपड्यात टाचणी राहिली असेल. अंगावरचं सगळं काढून झटकलं, उलटं केलं, सांडलेल्या टाचण्या उचलायचं लोहचुंबक सगळ्या शिवणींवरून फिरवलं. एकही निघाली नाही, आणि टोचणं थांबेना. दुसऱ्या दिवशी वाटलं, मलाच वेड लागतंय. मग फोड दिसले. आरसा जमिनीवर ठेवून बघितले, आणि मी तिथेच खाली बसले, बसता येत नव्हतं तरी.

दादा, मला जे वाटलं तेच तू लिहिलंस. एकटी बाई, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि असल्या जागी फोड. कुणाला दाखवू? कोण काय म्हणेल? मी काहीच वाईट केलं नव्हतं, तरी लाजेने मरत होते. पार ताप चढेपर्यंत दार लावून बसले. शेवटी गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

आठवतं? आपल्याला दोघांना एकदमच आल्या होत्या. आईने एकाच बिछान्यावर टाकलं होतं आणि खाजवू नये म्हणून हातांत बाबांचे मोजे घातले होते. तू मोज्यांचे बाहुले करून मला हसवत होतास. त्या कांजिण्या गेल्या असं आपल्याला वाटलं, पण त्या कुठे जात नाहीत. पाठीच्या कण्यापाशी नाहीतर डोक्यात एखाद्या नसेत दडून बसतात आणि म्हातारपणी, अंगात ताकद कमी झाली की त्याच नसेवरून वर येतात. म्हणून ही नागीण एकाच बाजूला. म्हणून मधल्या रेघेपाशी थांबते. तुझ्या खडूच्या रेघेचं कारण डावरीचा डावा हात नाही रे. माझ्याही अंगावर तशीच रेघ होती, आणि मला कुठल्या डावखुऱ्या माणसाने भाजलं नव्हतं. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो म्हणतात, तीही भाकडकथा. कुणाच्या चालचलणुकीशी तर या रोगाचा काडीचा संबंध नाही.

आता सगळ्यात वाईट. तुझ्या पहिल्याच पत्रात 'कंगवा लागला की जीव कळवळतो' वाचलं आणि मला कळलं होतं. हे औषध फोड दिसल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलं तरच नीट लागू पडतं, हेही मला ठाऊक होतं. तेव्हाच सूनबाईला फोन करायला हवा होता. पण तू विचारशील, तुला कसं कळलं? मग कुठे झालं होतं ते सांगावं लागेल. म्हणून मी एक ओळखीची बाई उभी केली आणि तिच्या आड लपले. माझी लाज झाकायला मी तुझा डोळा पणाला लावला.

काय लिहू आणखी. वाचून झाल्यावर हे पत्र फाडलंस तरी चालेल.

टाचणी


१९ फेब्रुवारी

ती. आत्यांना,

सा. नमस्कार. तुम्ही फोनवर रडत होतात म्हणून नीट सांगता आलं नाही, आणि इथल्या आवारात फोन नीट लागत नाही. म्हणून लिहिते. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात ठेवून घेतलंय. नागीणच आहे. गोळ्या सुरू झाल्या आहेत, डोळ्यात घालायला थेंब आणि मलम आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, बुबुळावर जखम झाली आहे. डोळा वाचेल, नजर किती वाचेल ते आत्ता सांगता येत नाही. तुम्ही फोन केला नसतात तर आणखी बिकट झालं असतं, हेही तेच म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितेय.

तुमच्या भाच्याला बोटीवर निरोप पाठवलाय, तो पुढच्या बंदराला लागला की येईल. बाळाला मी आईकडे ठेवलंय. त्याला अजून कांजिण्या आलेल्या नाहीत, आणि फोडांतल्या पाण्यामुळे त्याला त्या येऊ शकतात असं नर्स म्हणाल्या. मला लहानपणी येऊन गेल्यात, त्यामुळे मी बिनधास्त आहे. बाबांचा टॉवेल आणि उशी वेगळी केली. ती नवी उशी बिचारी उगाच बदनाम झाली.

आत्या, एक विचारू का? तुमचं पत्र आलं ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनीच सांगितलं वाच म्हणून, डोळ्यावर पट्टी होती. मला माहीत नव्हतं आत काय आहे. मी वाचत गेले आणि मध्ये थांबले, तर म्हणाले, "थांबू नकोस, मोठ्याने वाच." शेवटपर्यंत ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून बोलत नाहीत. फक्त तारीख विचारतात. मी सांगितली की बोटांवर काहीतरी मोजतात आणि पुन्हा गप्प. परीक्षा कधी आहे ते मोजत असावेत असं मला वाटतं.

त्या डावऱ्या बाई रोज संध्याकाळी येतात, मला घरी जाऊन आंघोळ करून येता यावं म्हणून बसतात. त्या असल्या की बाबा पट्टी नसलेला डोळाही मिटून घेतात.

तुमची,
सून


५ मार्च

ती. दादास,

नमस्कार. सूनबाई कळवते की तू घरी आलास, जेवतोस, पट्टी निघाली. तुझं मात्र एक अक्षर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो आला की आतल्या खोलीत जाते.

तू रागावला आहेस, ते बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलले नसते. फक्त एवढंच विचारते, दुखणं कमी झालं का? माझ्या मांडीला अजूनही कधी कधी वीज चमकून जाते. तुला तसं झालं तर घाबरू नकोस, डॉक्टरांना सांग, त्यावर गोळ्या असतात. आणि लाजून गप्प बसू नकोस. मला सांगायचा अधिकार राहिला नाही, पण सांगते.

टाचणी


२४ मार्च

प्रिय टाचणीस,

रागावलो नव्हतो, वेडे. तोंड दाखवायला जागा नव्हती.

अक्षर मोठं काढतोय, कारण उजव्या डोळ्याने आता दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसतं. माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं सुधारेल, पहिल्यासारखं होणार नाही. कपाळावर खपल्या पडून खड्डे राहिलेत, आणि पंखा लावला की अजून कळ येते. पण चालतं. डोळ्याचं मी तुझ्यावर ढकलणार नाही, आणि तूही स्वतःवर ओढून घेऊ नकोस. तू पहिल्याच पत्रात 'डॉक्टरकडे जा' म्हणून दोनदा लिहिलं होतंस. मी गाढव गेलो नाही. आणि वर तुला काय लिहिलं! 'असल्या बायकांत मिसळू नयेस.' सूनबाई तुझं पत्र मोठ्याने वाचत होती तेव्हा ते वाक्य माझ्या कानात वाजत होतं. माझी बहीण आरसा जमिनीवर ठेवून एकटी बसली होती, आणि मी तिला अब्रू शिकवत होतो. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटते. तरी म्हणतो.

आता तुला जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. फोनात घरघर नाही. मला ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं. ग्राइंडरच्या आवाजात आयुष्य गेलं, आधी बारीक आवाज गेले, मग मागून हाक मारलेली कळेनाशी झाली. कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं की वर्कशॉप काढून घेतील आणि निवृत्तीपर्यंत टेबलामागे बसवतील. ओठ बघून निभावून नेत होतो. त्या दिवशी मी वाकलो होतो, शेजारी उभ्या डावरीचं तोंड मला दिसत नव्हतं. ती ओरडली असेल की नाही, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, टाचणे. पण 'मला ऐकू आलं नाही' म्हणण्यापेक्षा 'ती ओरडली नाही' म्हणणं सोपं होतं. आणि आर्क तर मला लागलाच नव्हता. आदल्या दिवसापासून दुखत होतं ते नागिणीचं. म्हणजे ज्या जखमेसाठी मी तिला बाहेर काढलं, ती जखम तिची नव्हतीच.

आणि ती रोज दवाखान्यात येऊन माझ्या उशाशी बसत होती. मी डोळे मिटून पडायचो. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा मी मिटायचो.

परीक्षा होऊन गेली. तिच्याशिवाय. त्या दिवशी मी सूनबाईला तारीख विचारली नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांकडे गेलो. काळा चष्मा लावून, सूनबाईचा हात धरून. सांगितलं की बाई ओरडली असणार, मला ऐकू येत नाही, मी खोटं सांगितलं. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणजे बोलले असतील, मला कळलं नाही! मग मला दिसेल असं समोर बसून म्हणाले की डावरीची परीक्षा वेगळी घेऊ, आणि पुढच्या सत्रापासून तुम्ही वर्गात फळ्यावर शिकवा, वर्कशॉप नको. मी 'बरं' म्हटलं. जे वाचवण्यासाठी एवढं सगळं केलं, ते वर्कशॉप सोडायला 'बरं' एवढाच शब्द लागला.

काल तिची परीक्षा झाली. मी हट्ट धरला की आधी सगळ्या वर्गासमोर मला बोलू द्या. सगळे उभे राहिले, त्याच जागी, तशाच माना खाली घालून. मी म्हटलं, "त्या दिवशी या बाईंवर मी आळ घेतला. मला आर्क लागला नव्हता, नागीण झाली होती. आणि मला ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचं ओरडणं मला ऐकू आलं नाही. तुम्ही कुणी त्या ओरडल्या म्हणून बोलला नाहीत, त्याचाही मी माझ्या बाजूने अर्थ लावला." एवढं बोलून मी स्टूल धरलं.

डावरी ढाल हातात घेऊन टेबलापाशी उभी होती. ती पुढे आली, माझ्या डाव्या बाजूला, जिथून मला दिसतं. सावकाश, ओठ नीट हलवत बोलली, "मास्तर, आम्हाला माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून. म्हणून तर तुम्ही जवळ असलात की आम्ही सगळे दोनदा ओरडतो. त्या दिवशीही मी दोनदाच ओरडले होते."

म्हणजे वर्ग का गप्प होता, ते कळलं का तुला? 'ओरडली होती' म्हटलं असतं तर मी बहिरा आहे हे माझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. माझी लाज राखायला सगळे गप्प राहिले, आणि तिनेही 'मी ओरडले होते' यापुढे शब्द काढला नाही. परीक्षा गेली तरी नाही. मी त्यांना आयुष्यभर 'डोळे' शिकवत आलो, आणि ते माझे कान सांभाळत होते. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रडलो असं लिहिणार होतो, पण एका डोळ्यातून पाणी तसंही येतंच असतं, तेव्हा तुला पटणार नाही.

मग तिने जोड मारला. आधी माझ्याकडे वळून 'डोळे!' म्हणाली, आणि मी हात वर करेपर्यंत थांबली. मी ढाल तोंडासमोर धरली आणि हात वर केला. जोड सुरेख आला. अंगठा फिरवून बघितला, कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही. तिच्या नावापुढे पहिला क्रमांक लागेल. मी दिलेला नाही, परीक्षक बाहेरचे होते.

टाचणे, तुझ्या मांडीला अजून वीज चमकते म्हणालीस. त्या गोळ्या घेतेस का, की तिथेही लाजतेस? घे. मीही घेतोय, रोज जेवणानंतर, सूनबाईसमोर. कान तपासायला पुढच्या सोमवारी जायचं आहे.

आणि आता पत्र लिहू नकोस. म्हणजे लिही, पण त्याआधी फोन कर. मोठ्याने बोल, दोनदा बोल. ऐकू आलं नाही तर तसं सांगेन.

तुझा,
दादा